कल

यू-बोल्टांना रात्रीच डिझेल पाजून ठेवलं होतं,
तरी पहाटे एकही नट हलला नाही.
लुकमान तडवीने पान्याच्या दांडीत पाइप घातला,
पाइपावर मला उभं केलं
आणि म्हणाला, "उडी मार, नाहीतर नोकरी कर."

मे महिना. सावद्याला नऊ वाजले
की लोखंड कुणालाच जवळ येऊ देत नाही.

माझी पिकअप ब्याण्णवची, ही त्र्याण्णवची.
दोन्ही फोर व्हील,
दोघींच्याही छोट्या दांडीवरचे आकडे अंगठ्याने पुसलेले.
तरी लुकमानने सुतळी काढलीच:
कानापासून कानापर्यंत एकदा,
मग मधल्या बोल्टापासून पुढं, मग मागं,
कारण मधला बोल्ट मधोमध नसतोच.
हे त्याला त्याच्या मामाने शिकवलेलं,
मामाला एका मोडक्या ॲक्सलने.

माझे पाटे केळीने बसवले.
केळी, खताच्या गोण्या, एकदा अख्खा मांडव,
सगळं उजव्या अंगाला जास्त,
कारण दोर मला त्याच बाजूने ओढता येतो.
सुकीच्या पात्रात चारी चाकं ओढायची
पण गाडी उजवा खांदा पाडून चालायची,
मेंढीच्या कळपातली एखादी चालते तशी.

ही गाडी निनाजी वायकोळ्यांची.
मागच्या डाव्या कोपऱ्यात वेल्डिंगचं मशीन,
चार बोल्टांनी घट्ट,
साडेतीन क्विंटल, वर्षानुवर्षं.
मळ्यामळ्याने पाइप सांधत फिरले,
मग ठिणग्यांनी आपलं बिल
डोळ्यांतून वसूल केलं.
मशीन विकलं. गाडी अकरा वर्षं निंबाखाली.

त्यांची मंदा म्हणाली,
"पाटे घेऊन जा भाऊ, पैशाचं मंग पाहू.
पण गाडी इटांवर नको टेकवजो.
बाबाची गाडी पायांवर उभी पाह्यजे."

म्हणून तर अदलाबदल.
नाहीतर मेलेले पाटे कोण बसवतं?

घोडी लावली, चाकं काढली,
पहारीने थप्पी सरकवली तसा
निंबोळ्यांचा आणि गंजाचा भुगा तोंडावर पडला.
दोन्ही थप्प्या शेजारी ठेवल्या फरशीवर.
डावी बोटभर बसकी.
मी म्हटलं, उलट घालू, हिची खोड तिकडं.
लुकमानने मान हलवली.
"जिकडचा तिकडंच.
तुझा माल उजवीकडं, ह्याचा वाकडेपणा डावीकडं.
देवाने जमवलंय, तू हात नको घालू."

शॅकलचे बुश नवे, बाकी सगळं जुनं.
शेवटचा नट आवळला तेव्हा दहा वाजून गेले होते,
पान्याला गोणपाट गुंडाळावं लागलं.
मग माझे म्हातारे पाटे
निंबाखाली नेऊन चढवले,
तेवढीच काळजी घेऊन, तेवढंच ग्रीस.
लुकमान कामात हात आखडत नाही,
गाडी चालणार असो की नसो.

जॅक उतरवल्याचा आवाज ऐकून
निनाजीआप्पा भिंत धरत बाहेर आले.
फाळक्यावर तळहात ठेवला,
डावीकडून उजवीकडं नेला, सावकाश,
वळलेला सांधा तपासावा तसा.
थांबले.

"मशीन उजवीकडं कुणी सरकवलं?"

मंदाने माझ्याकडं पाहिलं.
लुकमान मातीने हात घासत राहिला.
मला सांगता आलं नाही
की आप्पा, ते माझं वजन आहे.

आता केळी भरली की माझी गाडी ओळंब्यात चालते,
लोक विचारतात, नवी घेतली का?
माल उतरवून परतताना मात्र
डावीकडं झुकते, काहीतरी उचलल्यासारखी,
आणि मी आरशात मागचा कोपरा बघतो.
तिथं काही नसतं.
बोल्टांची भोकंसुद्धा नाहीत.
ती तिकडं, निंबाखाली.